सड्यावर खड्डे नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात पठारावरच्या वृक्षारोपणाचा फोटो बघितला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. तसल्याच एका फोटोत दोन वर्षांपूर्वी मीपण होतो, हातात टिकाव घेऊन. शाहूवाडीकडच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दीडेकशे खड्डे मारले आम्ही, कातळावर माती जेमतेम वीतभर, टिकाव खणकन वाजायचा तरी जिद्दीने खणलं, वर शेणखताची पोती ओतली आणि वड, करंज, जांभूळ लावून सेल्फी काढून घरी. पहिल्याच उन्हाळ्यात रोपं वाळून कोळ झाली, खड्डे तेवढे राहिलेत.

खणताना एका पोराला लिंबाएवढा कंद मिळालेला. गुरं राखणारे काका म्हणाले, "खर्पुडी हाय ती, खा की." वाटून खाल्ला. पुढच्या श्रावणात त्याच जागी गवतात एक वेल फुललेली दिसली, फोटो बॉटनीच्या सरांना पाठवला तर म्हणाले हे कंदीलपुष्प, आणि खर्पुडी म्हणजे त्याच कुळातली. आता आम्ही खाल्लेली नक्की कुठली जात ते कोण सांगणार, पोटात गेली! फूल म्हणजे हिरवट नळी, बुडाशी फुगीर, आत खालच्या बाजूला वळलेले केस. बारकी माशी आत शिरते ती अडकतेच, केस सुकले की मग पराग घेऊन सुटते.

कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती सह्याद्री सोडून जगात कुठेच नाहीत. 2023 मध्ये आपल्या विशाळगडावर नवीन जात सापडली, शिवाजी महाराजांच्या नावावरून तिला नाव दिलंय. सड्यावरची सीतेची आसवं ही फुलझाडं तर जमिनीत नत्र फार कमी म्हणून बारके जीव पकडून ती कमतरता भरून काढतात, आणि आम्ही तिथं शेणखत टाकून आलो!

सातबाऱ्यावर 'पोटखराबा' (लागवडीला अयोग्य जमीन) लिहिलं की कुणालाही वाटतं जागा रिकामी आहे, झाडं लावा नाहीतर पवनचक्की उभी करा. कास 2012 ला युनेस्कोच्या यादीत गेलं म्हणून तिथं निदान लक्ष तरी आहे, बाकीच्या सड्यांना कोण विचारतंय. परवानगी देण्याआधी पावसाळ्यात एकदा वनस्पती जाणणाऱ्या माणसाला तिथं फिरवा, एवढंच म्हणणं आहे.

यंदाच्या वृक्षारोपणाचा मेसेज ग्रुपवर आलाय, रविवारी सात वाजता. मी जाणार आहे, रोपं खाली ओढ्याकाठी लावूया म्हणून भांडायला.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर