तंबाखूच्याच कारखान्यात

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, माझं ऑफिस कसल्या इमारतीत आहे म्हणून तू विचारलं होतंस ना? तंबाखूच्या कारखान्यात! इथे अमेरिकेत, विन्स्टन-सालेममध्ये, रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीच्या जुन्या इमारतींत आता प्रयोगशाळा आणि ऑफिसं थाटलीत. निपाणीची पोर एवढ्या लांब येऊन शेवटी तंबाखूपाशीच पोचली.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं. इथे पानाची शीर काढायचं काम काळ्या बायका करायच्या. धूळ, उकाडा आणि डोक्यावर फोरमन. सिगारेटच्या यंत्रांवर गोरे कामगार, त्यांना पगार जास्त. १७ जून १९४३ ला ६५ नंबरच्या कारखान्यात या बायका यंत्रापुढे बसल्या, पण हात चालवेनात. त्याच दिवशी जेम्स मॅककार्डेल नावाचा आजारी कामगार कामावरच कोसळला आणि वारला. मग काय, दुसऱ्या कारखान्यांतलंही काम थांबलं.

मला सगळ्यात आवडली ती थिओडोशिया सिम्प्सन. युद्धामुळे सरकारने पगार गोठवलेत, आमचा नाइलाज आहे, असं साहेब म्हणाला. हिने त्याच्या तोंडावर सांगितलं की सरकारच्याच नियमात वाढीला जागा आहे. पानं सोलणारी बाई नियम वाचून आलेली, साहेबाला हे कुठलं ठाऊक असणार!

१९४४ ला युनियनशी करार झाला. लोकल २२, म्हणजे २२ नंबरची शाखा, म्हणायचे तिला. पुढे या युनियनने काळ्या लोकांची नावं मतदार यादीत घालून घेतली, आणि १९४७ ला त्यांचा माणूस नगरपालिकेत निवडून आला. मग कम्युनिस्ट म्हणून बदनामी झाली, १९५० ला युनियन ठेवायची का यावर कामगारांचं मतदान झालं, त्यात ती थोडक्यात हरली. त्यांची पुढारी मोरांडा स्मिथ त्याच वर्षी वारली. पस्तिशीही गाठली नव्हती तिने.

आई, हे वाचताना सारखी तुझी वखार डोळ्यांपुढे येत होती. चाळणीचा खकाणा, पदराने बांधलेलं नाक, आणि तुला ‘ए’ म्हणून हाक मारणारा तो मुकादम. युनियन झाल्यावर तो नावाने बोलवायला लागला, हे तू एकदाच, तेही भाकऱ्या थापता थापता सांगितलं होतंस. बाबा, तुम्ही तेव्हा सभेला जाऊ नको म्हणत होतात, हे मला आत्याकडून कळलंय. रागावू नका.

रविवारी फोन करेन तेव्हा पहिल्या सभेपासून सांग. मजुरी किती होती, किती झाली, कोण बोललं, कोण घाबरून आलंच नाही, सगळं. मी लिहून घेणार आहे. ‘त्यात काय सांगायचं’ असं म्हणून फोन बाबांकडे देऊ नकोस.

तुमची,
सुनू