बाबा, एकदा माटुंग्याचा धंदा बघून जा

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोन गोष्टी ऐकवल्यात. एक, मुंबईत येऊन आम्ही दिवसभर करायचं काय? आणि दुसरी, छोट्या दुकानांचे दिवस संपले. दुसरीवर तुम्ही असे अडून बसलात की शेवटी आईनेच फोन काढून घेतला. म्हणून पत्र. लिहिलेलं असलं की तुम्ही निदान शेवटपर्यंत वाचता, मध्ये ‘हं, हं’ करून विषय बदलत नाही.

तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. चौकात ते मोठं सुपरमार्केट आल्यावर आपल्या दुकानात काय झालं ते मी पाहिलंय. महिन्याचं वाणसामान तिकडून यायला लागलं आणि आपल्याकडे उरली ती आगपेटी, मीठ आणि उधारी. पण माटुंग्याला राहायला आल्यापासून मी रोज ज्या रस्त्यांवरून चालते तिथे वेगळंच चाललंय, आणि ते का चालतं हे मला तुमच्या डोळ्यांनी बघायचंय. मला डोसा दिसतो, तुम्हाला त्यामागचा खर्च दिसेल.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हिशेब लागत नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. गिरगाव-मांडवीकडच्या दाट वस्तीत माणसं पटापट दगावली, तेव्हा सरकारने 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि पुढे दादर-माटुंग्याची शेतं-वाड्या घेऊन आखीव वस्ती बसवली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, मध्ये बागा, इमारती दोन-तीन मजल्यांच्या आणि मोठ्या रस्त्यांवर तळमजल्याला दुकानं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. घरातून खाली उतरलं की दुकान. इथे भाड्याने राहायला आले ते बरेचसे दक्षिणेकडचे कारकून, टायपिस्ट, हिशेबनीस. त्यांतले एकटे जीव जेवायचे कुठे? म्हणून उडपीकडच्या लोकांनी खाणावळी काढल्या. रामाश्रय 1939 चं, कॅफे मद्रास 1940 चं, स्टेशनजवळचं रामा नायकांचं उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं. म्हणजे हौसेने खाणारं गिऱ्हाईक नव्हतं, रोज दोन वेळा पोट भरायला येणारं होतं. अशा माणसाला एकदा फसवलंत तर तो संध्याकाळी येत नाही.

आता कॅफे मद्रासचा धंदा ऐका. रविवारी सकाळी दारात एक माणूस नावं लिहून घेत उभा असतो आणि फुटपाथवर हीऽ गर्दी. आत जागा बेताचीच. चौघांच्या टेबलावर दोघंच बसलेत असं दिसलं की उरलेल्या दोन खुर्च्यांवर अनोळखी माणसं आणून बसवतात, आणि कोणी नाक मुरडत नाही. तुम्ही टेकता न टेकता पाणी येतं, ऑर्डर सांगितली की पाठोपाठ इडली. कॉफी संपली की बिल. गप्पा मारायच्या तर बाहेर. मला सुरुवातीला हे जरा तुसडं वाटलं होतं, पण एक खुर्ची सकाळभरात किती वेळा भरते ते बघा, म्हणजे भाव आवाक्यात कसे राहतात ते कळेल. आणि माल काय, तर तांदूळ आणि उडीद. या दोन पोत्यांवर निम्मं मेनूकार्ड उभं आहे. त्यात रसमवडा, पोडी इडली, नाचणीचा डोसा. शिळं काही उरतच नाही, कारण दुपारी जे भिजवायचं ते उद्याचा अंदाज बांधूनच. तुम्ही गणपतीच्या आधी गूळ किती भरायचा ते तोंडी सांगायचात, तेच हे गणित.

अर्थात सगळं कर्तबगारीवर चाललंय असंही नाही. इथली कितीतरी दुकानं जुन्या पागडीची आहेत, भाडं आजच्या बाजाराच्या मानाने नाममात्र. आजच्या भाड्याने गाळा घेऊन कोणी याच भावात डोसा विकून दाखवावा! नवीन कोणी आलंच तर ते केकचं किंवा महागड्या कॉफीचं दुकान घेऊन येतं आणि दोन वर्षांत पाटी बदलते. त्यामुळे ‘चव टिकवली म्हणून टिकले’ असं कोणी सांगितलं की मी मनातल्या मनात भाड्याची पावती मागते. हे तुमच्याकडूनच आलंय माझ्यात.

आई, तुझ्यासाठी वेगळं लिहिते. इथली मंडई तुला आवडेल आणि भाव ऐकून तू चिडशीलही. भाजी महाग आहे, पण काय एकेक असते! कोवळा शेवगा, कच्ची केळी, केळीची पानं, कच्छी-गुजराती मंडळींसाठी सुरती पापडी, आणि केळफूल तर बाराही महिने. साताऱ्यात केळफुलासाठी तू आठवडी बाजाराची वाट बघायचीस. स्टेशनच्या रस्त्याला फुलवाले बसतात. आपल्याकडे गजरा सुईदोऱ्याने ओवतात, हे लोक सुई लावतच नाहीत. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, अंगठ्याशी दोऱ्याचा एक फास, की पुढच्या दोन. बोलताना बाईची नजर माझ्याकडे आणि बोटं आपली चालूच. गजरा इतका घट्ट होतो की दुसऱ्या दिवशी फुलं सुकतात, पण गळत नाहीत. कॉफीच्या दुकानात बिया तुझ्यासमोर दळून देतात आणि चिकोरी किती टाकू ते आधी विचारतात. मी शंभरात वीस सांगते. तू बहुतेक ‘अजिबात नको’ म्हणशील आणि मग कडू लागली म्हणून दोन चमचे साखर घालशील.

मुख्य म्हणजे या सगळ्यासाठी तुम्हाला माझी गरज नाही. तुम्हा दोघांची खरी अडचण तीच आहे, हे मला माहीत आहे. दादाकडे त्या टाउनशिपमध्ये तुम्ही महिना काढलात तेव्हा दुधाची पिशवी आणायलासुद्धा त्याच्या गाडीची वाट बघावी लागायची. दादाचा त्यात दोष नाही, ती जागाच तशी आहे. इथे बाबा, तुम्ही पहाटे उठता तेव्हा रामाश्रयही उघडलेलं असतं. तिथे कॉफी घ्या, पेपर घ्या, मग पुलाखालच्या बागेत दोन फेऱ्या मारा. तुळपुळे पुलाखाली 2016 मध्ये बाग केली आहे, चालायची वाट नर्मदेच्या वळणांसारखी नागमोडी आखलीय. वरून गाड्या आणि खाली तुमच्या वयाचे लोक हात हलवत चालतायत. औषधवाला, चप्पल शिवणारा, बँक, इस्त्रीवाला, सगळं दहा मिनिटांच्या आत. दुकानदार दोन दिवसांत ओळखायला लागेल आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी त्याला मालाची मांडणी कशी असावी ते शिकवायला लागाल.

काही गोष्टी वाईट आहेत, त्या आधीच सांगते. फुटपाथ आहेत, पण त्यांवर स्कूटरी लावलेल्या असतात आणि फरशा कधी कुठे उचकटलेल्या असतील सांगता येत नाही. आई, काठी आणायचीच, लाजायचं नाही. रेल्वेवरून पश्चिमेला चालत जायचा झेड पूल तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, तिकडे टॅक्सीने जाऊ. रामा नायकांचं बोर्डिंगही पहिल्या मजल्यावर आहे, पण तो एक जिना माझा हात धरून चढ. केळीच्या पानावरचं जेवण आहे, चुकवायचं नाही.

आणि जुन्या इमारती पडतायत. बाबा, हे तुम्हाला दाखवायचंय. जिथे रस्त्याला लागून वाणी, शिंपी, झेरॉक्सवाला असे ओळीने बसायचे, तिथे उंच टॉवर येतो आणि तळाचे काही मजले नुसत्या गाड्यांचे. रस्त्यावरून जाताना एक भिंत, एक फाटक आणि खुर्चीवर वॉचमन. वर राहणारे लोक चौपट झाले, पण त्यांच्यातलं चालत खाली येतं कोण? सामान दहा मिनिटांत दारात येतं. मीसुद्धा रात्री उशिरा मागवतेच, उगाच सोवळेपणा कशाला करू. पण तुमचं दुकान ज्या सुपरमार्केटने बुडवलं त्याच्यापेक्षा इथल्या दुकानांना हे फाटक जास्त धोक्याचं वाटतं मला. बरोबर आहे का, ते तुम्ही येऊन सांगा. मला वाटतं तुम्ही भांडाल.

एसटीने आलात तर सायनला उतरा, तिथून टॅक्सी लगेच मिळते. मी घ्यायला येईन, बाबा नको म्हणाले तरी येईन. सामान कमी आणा. कंदी पेढे मात्र दोन खोकी आणा, एक आपल्याला आणि एक खालच्या वाण्याला. माझ्याकडे किल्ली विसरली की तोच बसायला स्टूल देतो. आणि सोमवार धरून येऊ नका, कॅफे मद्रास आणि रामा नायक दोन्ही सोमवारी बंद. मंगळवार-बुधवार बघा. तारीख आईला ठरवू दे.

तुमची,
मीरा