रूबार्बची पाने खाऊ नयेत, हे आधी छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत रूबार्बवर, म्हणजे ज्याचा आंबट देठ गोड पदार्थांत वापरतात त्या झाडावर, लेख आणि सोबत केकची कृती आली, याचा मनापासून आनंद झाला. गेली कित्येक वर्षे मी हे झाड वाफ्यात लावते आणि त्याचे केक आणि 'पाय' (पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) भाजते, म्हणून लेख दोनदा वाचला. पण छायाचित्रात देठांना मोठाली हिरवी पाने तशीच होती, आणि कृतीत 'रूबार्ब धुऊन चिरून घ्या' एवढेच होते. पाने विषारी असतात, ती काढून टाकायची, हे कुठेही लिहिलेले नव्हते. पुढच्या अंकात ते ठळक चौकटीत छापावे, ही विनंती.

ज्याने हे झाड पूर्वी पाहिलेले नाही, त्याला ते टवटवीत, रुंद पान टाकून द्यावेसे वाटणार नाही. पालेभाजीच म्हणून तो ते चिरायला घेईल. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नेमके हेच झाले. अन्नाची टंचाई होती, म्हणून रूबार्बची पाने भाजीसारखी शिजवून खाण्याचा सल्ला दिला गेला आणि त्यातून विषबाधा झाली, माणसे दगावली. पानांत ऑक्झॅलिक आम्ल फार असते आणि शिजवून धोका टळत नाही. कंपोस्टच्या ढिगात मात्र ती खुशाल टाकावीत, तिथे ती निरुपद्रवी होऊन कुजतात. देठाचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा, म्हणजे सफरचंदात असते त्याचा. तरीही थोडे ऑक्झॅलिक आम्ल देठातही असते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. कडक हिमात गोठून लिबलिबीत झालेले देठही मी वापरत नाही.

रेवंदचिनी म्हणून औषधात जी वाळलेली मुळे वापरतात, ती याच वंशातल्या झाडांची. ती रेचक असतात, त्यांचा केकशी काही संबंध नाही. खायचा तो फक्त देठ.

'लालभडक देठ घ्यावा, तो पिकलेला असतो' हे लेखातले वाक्यही दुरुस्त करायला हवे. रंग जातीवर ठरतो. राणी व्हिक्टोरियाच्या नावाची जुनी जात बुडाशी लाल आणि वर हिरवट असते, आणि चवीला तिच्याइतकी भरदार जात मला दुसरी मिळालेली नाही. हिरवट देठ पाहून परत ठेवू नका. पाहायचे ते असे: देठ ताठ हवा, साल चकचकीत हवी आणि वाकवल्यावर तो कट्कन मोडायला हवा. किंचित मलूल झालेला देठ गार पाण्यात उभा केला तर बहुधा सावरतो. फार जाड आणि दोरे सुटलेला मात्र घेऊ नये.

कडाक्याच्या थंडीत बाजारात येणाऱ्या गुलाबी, नाजूक देठांची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला वेकफील्ड आणि लीड्सच्या परिसरात शेतकरी रूबार्बचे गड्डे (मुळांसकट जाड बुंधे) दोन वर्षे उघड्या शेतात वाढवतात. त्या काळात एकही देठ तोडत नाहीत, सगळा जोर मुळात साठू देतात. मग हिमाचा मार बसला की गड्डे उचलून उबदार, पूर्ण अंधाऱ्या शेडमध्ये मांडतात. उजेड नसल्याने पाने पिवळी आणि चिमुकली राहतात, आणि देठ साठवलेल्या अन्नावर भराभर वाढतात. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात करतात, कारण जास्त प्रकाश लागला की तो कोवळेपणा जातो. या मालाला २०१० साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. तोडणीनंतर गड्डा पार रिता होतो, तो पुन्हा कामाचा राहत नाही. एवढी मेहनत समजली की हा देठ महाग का, हे वेगळे विचारावे लागत नाही.

लागवडीबद्दल लेखात 'कुठेही सहज येते' असे म्हटले आहे. तसे नाही. या झाडाला हिवाळी झोप लागते. पुरेसे आठवडे पाच अंशांच्या आसपास किंवा खाली थंडी मिळाली नाही, तर वसंतात ते जोमाने फुटत नाही, आणि कडक उन्हाळ्यात माना टाकते. जिथे थंडी आहे तिथे मात्र ते खरोखर जोमाने वाढते. बी पेरू नये, रोपे मूळ जातीसारखी निघतील याची खात्री नसते. डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा लावावा, भरपूर कुजलेले शेणखत घालावे, दोन झाडांत साधारण मीटरभर अंतर ठेवावे आणि डोळा मातीच्या पातळीशीच राहू द्यावा, खोल गेला तर कुजतो. पहिल्या वर्षी एकही देठ तोडायचा नाही. हे सर्वांत अवघड जाते, पण मोह आवरावा. दुसऱ्या वर्षी थोडे घ्यावेत, पुढे मनाजोगते, तरी निम्मे देठ झाडावर राहिलेच पाहिजेत. सुरीने कापू नये, बुडाशी धरून जरासा पीळ देत ओढावे. उरलेला खुंट कुजून गड्डा बिघडतो. फुलाचा दांडा दिसला की लगेच काढावा.

आता केक. कृतीत देठ 'दोन वाट्या पाण्यात शिजवून' घालायला सांगितले आहेत. रूबार्बमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, वरून थेंबही घालू नये. मी अर्धा किलो देठाचे बोटाच्या पेरएवढे तुकडे करते, साल काढत नाही, कारण रंग सालीतच असतो. शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर चोळून तासभर ठेवते. सुटलेला रस वेगळ्या भांड्यात आटवते आणि पाक दाट झाला की केकवर ओतते. तुकडे एकाच थरात मिश्रणावर पसरून १८० अंशांवर भाजते. अशाने केकचा तळ ओला राहत नाही. पायमध्ये घालायचे असतील तर तुकड्यांना चमचाभर कॉर्नफ्लोअर लावावे. संत्र्याची किसलेली साल आणि आले याला उत्तम साथ देतात. स्ट्रॉबेरीही चालते, पण रूबार्बहून जास्त नको, नाहीतर आंबटपणाच हरवतो. ॲल्युमिनियमचे किंवा कलई नसलेले तांब्याचे भांडे मात्र वापरू नये, आम्लाने धातू पदार्थात उतरतो.

हंगाम थोडा असतो, म्हणून उरलेले देठ चिरून, कोरडे करून, ताटात सुटे गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत. भाजताना ते वितळू न देता थेट केकच्या मिश्रणावर घालावेत. वितळले की सगळे पाणी सोडतात आणि हाती लगदा उरतो.

आपली,
एक नियमित वाचक