जाड पत्रा ठोकला म्हणजे जहाज बर्फात चाललं असं नव्हे

महोदय,

बर्फवर्ग (बर्फातून जाण्याइतकं जहाज मजबूत असल्याचा दर्जा) नसलेले टँकरही रशियाच्या उत्तर सागरी मार्गाने जाऊ लागल्यापासून, जुन्या जहाजाचा 'सांगाडा मजबूत करून घेतलाय' हे वाक्य वारंवार ऐकू येतं. आपल्याकडची पुष्कळ मुलं परदेशी जहाजांवर कामाला असतात. त्यांच्या घरच्यांना या वाक्याचा अर्थ कळावा, म्हणून हे पत्र.

फिनलंड-स्वीडनच्या नियमांत 'आयए' या बर्फवर्गासाठी 80 सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरतात, पण त्याचा दाब पाणरेषेजवळच्या जेमतेम 30 सेंटिमीटर उंचीच्या पट्टीत येतो, असं मानून हिशेब करतात. जुन्या मालवाहू जहाजात दोन फ्रेममधलं (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या बरगड्यांमधलं) अंतर साधारण 700-800 मिलिमीटर असतं. एवढ्या मोकळ्या जागेत प्लेट आत दबते आणि फ्रेम आडवी कलते. म्हणून खरं काम म्हणजे दर दोन फ्रेमच्या मध्ये एक नवी फ्रेम घालणं. ती स्ट्रिंगरवर (फ्रेमना जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) किंवा डेकवर नेऊनच संपवायची. प्लेटच्या मधेच सोडली, तर तिच्या टोकाशी तडा ठरलेला. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी, सलग. फ्रेम प्लेटला काटकोनात नसेल, तर कलू नये म्हणून 1.3 मीटरच्या आत आधार हवा.

या सगळ्याआधी अल्ट्रासॉनिक गेजिंग (ध्वनिलहरींनी जाडी मोजणं) करून उरलेली जाडी मोजायची. झिजलेली प्लेट कापून नवी बसवायची, कोपरे गोल ठेवायचे. जुन्या प्लेटवर दुसरी चढवण्याची पळवाट, म्हणजे डबलर, आम्हाला मुळीच मान्य नाही. मधल्या फटीत पाणी शिरतं, गंज आतून खातो आणि बाहेरून काही दिसत नाही. शिवाय जुन्या जहाजांत बरंचसं साधं ए-ग्रेड (सर्वांत खालच्या प्रतीचं) पोलाद असतं आणि ते थंडीत ठिसूळ होतं. थंडीसाठीच्या ई-ग्रेड पोलादाची आघातचाचणी उणे 40 अंशांवर होते. हिशेबाने आलेल्या जाडीवर झीज-गंजासाठी आणखी 2 मिलिमीटर धरतात.

1969 मध्ये अमेरिकेचा 'मॅनहॅटन' टँकर चार तुकड्यांत कापून वेगवेगळ्या गोद्यांत वाटला होता. नवी नाळ (जहाजाचं पुढचं टोक) बसवली, कडेने पोलादी पट्टा दिला, हजारो टन पोलाद वाढलं. जहाज कॅनडाच्या उत्तरेकडच्या वायव्य मार्गाने पार झालं, पण मजबुती न केलेल्या भागात बर्फाने भगदाड पाडलंच. मागे सरण्याची ताकद कमी, त्यामुळे अडकलं की बर्फफोड्या जहाजाची वाट पाहावी लागे.

सांगाड्याइतकंच सी-चेस्टकडे, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तळाच्या कप्प्याकडे, पाहावं. बर्फाचा चिखल जाळीवर बसला की थंड करणारं पाणी बंद, आणि मग इंजिनही बंद. इंजिनच्या दर 750 किलोवॅटमागे सुमारे एक घनमीटर सी-चेस्ट हवा आणि इंजिनातून आलेलं कोमट पाणी परत त्यातच सोडण्याची सोय हवी. जुन्या जहाजांत नेमकी हीच जागा तोकडी असते.

करारावर सही करण्यापूर्वी बर्फवर्गाच्या प्रमाणपत्रावर वरची आणि खालची बर्फ-पाणरेषा (ज्यांच्यामध्येच पाण्याची पातळी राहायला हवी) कोणत्या ड्राफ्टला, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालेलं असताना, दिली आहे ते पाहा. रिकामं जहाज खालच्या रेषेपेक्षा वर उचललं गेलं, की मजबूत केलेला पट्टा हवेत राहतो आणि बर्फ साध्या प्लेटला लागतो.

– जहाजदुरुस्ती क्षेत्रातील काही अभियंते, मुंबई