न कळलेल्या प्रश्नाला हो म्हणू नकोस

पुणे

चि. वैदेही हिस अनेक आशीर्वाद.

स्टुटगार्टला जाण्याआधी तुझी जर्मनची ए-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीची, परीक्षा झाली हे उत्तम झालं. कॉफी मागवणं, तिकीट काढणं, घरमालकाशी भाड्याचं बोलणं तुला जमेल. पण पोलीस समोर आला तर काय ऐकू येईल आणि काय बोलायचं, हे त्या पुस्तकांत जवळजवळ नसतं. ते इथे लिहिते आहे. उच्चार देवनागरीत दिलेत. ‘इश’मधला शेवटचा आवाज श आणि ह यांच्या मधला आहे, तो तुला वर्गात शिकवलाच आहे.

सगळ्यांत आधी एक सवय मोडायची. समोरचा बोलत असताना आपण ‘हो, हो’ म्हणत मान हलवतो. आपल्या लेखी त्याचा अर्थ ‘ऐकतेय, पुढे बोला’ एवढाच असतो. जर्मनमध्ये ‘हो’ला ‘या’ म्हणतात, आणि जर्मन पोलिसाला ‘या, या’ म्हणजे संमती वाटते. स्टेशनवर त्याने विचारलं, ‘डार्फ इश इन ईरऽ टाशऽ शाउअन?’ म्हणजे तुमच्या पिशवीत पाहू का, आणि तू निम्मंच वाक्य कळून ‘या’ म्हणालीस, तर झडतीला तूच परवानगी दिलीस असं होतं. मग कायद्याने त्याला ती घेता आली असती की नाही, हा प्रश्नच मागे पडतो. ‘जिंट जी डामिट आइनफरश्टांडन?’ हे वाक्य कानाच्या ओळखीचं करून ठेव: याला तुमची संमती आहे का? नको असेल तर ‘नाइन, इश बिन निष्ट आइनफरश्टांडन’ असं शांतपणे, एकदाच म्हणायचं. तरीही त्याने पिशवी उघडली तर हात मध्ये घालायचा नाही, ओढाताण करायची नाही. विरोध हा वेगळा गुन्हा ठरतो. तुझा नकार सांगून झाला, तेवढं पुरे.

आणि कळलं नाही तर ‘इश हाबऽ जी निष्ट फरश्टांडन. बिटऽ लांगझाम’, तुमचं बोलणं कळलं नाही, कृपया सावकाश. यातला ‘निष्ट’ ठसठशीत म्हण. दडपणाखाली आवाज खाली जातो, ‘निष्ट’ पुटपुटला जातो आणि ऐकणाऱ्याला ‘मला कळलं’ असं ऐकू येतं.

पोलीस बोलतात ती वाक्यं छोटी आणि आज्ञार्थी असतात. त्यात क्रियापदाचा अर्थ फिरवणारा तुकडा शेवटी येतो, म्हणून वाक्य संपेपर्यंत हालचाल करू नये. ‘श्टाइगन जी बिटऽ आप’ म्हणजे सायकलवरून उतरा. शेवटी ‘आउस’ आलं तर गाडीतून बाहेर या, ‘आइन’ आलं तर आत बसा. ‘ब्लायबन जी श्टेअन’ म्हणजे थांबा, ‘वार्टन जी हिअर’ म्हणजे इथेच थांबा, ‘कोमन जी बिटऽ मिट’ म्हणजे बरोबर चला. ‘हेंडऽ आउस डेन टाशन’ म्हणजे हात खिशातून बाहेर. नेमक्या याच वेळी लोक घाईने भाषांतराचं ॲप काढायला खिशात हात घालतात. तसं करू नकोस. आधी सांग, ‘माइन पास इस्ट इन डेर टाशऽ’, पासपोर्ट पिशवीत आहे, आणि मग सावकाश काढ. बोलताना सगळीकडे ‘जी’, म्हणजे तुम्ही, चुकूनही ‘डू’, म्हणजे तू, नाही. पोलिसाला उद्देशून काढलेला अपशब्द तिथे फौजदारी गुन्हा आहे. आणि समोरच्याला न विचारता त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला जाऊ नकोस, त्यातूनही गुन्हा दाखल होऊ शकतो.

स्वतःची ओळख सांगावीच लागते. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता, नागरिकत्व, विवाहित की अविवाहित, काय करतेस. यांतलं काही नाकारलं किंवा खोटं सांगितलं तर दंड होतो. शब्द असे: ‘फोरनामऽ’ तुझं नाव, ‘नाखनामऽ’ आडनाव, ‘गेबुर्ट्सडाटुम’ जन्मतारीख, ‘गेबुर्ट्सऑर्ट’ जन्मगाव, ‘श्टाट्सआनगेह्योरिशकाइट’ नागरिकत्व, ‘लेडिश’ अविवाहित. पासपोर्टात वडिलांचं नाव तुझ्या नावाच्या रकान्यात असेल तर तिथेही ते त्याच जागी सांगायचं. एका कागदावर वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की पुढे विमा कंपनी आणि वकिलात दोन्हीकडे खुलासे करत बसावं लागतं.

नावाची अक्षरं सांगणं हा मोठा सापळा आहे, आणि तुझं नाव त्यात नेमकं सापडतं. इंग्रजी पद्धतीने ‘व्ही, ए, आय’ म्हणालीस की तो ‘व्ही’ ऐकून डब्ल्यू लिहितो, कारण जर्मनमध्ये डब्ल्यूला ‘वे’ म्हणतात. तुझं ‘ए’ त्याला इंग्रजी ई वाटतं, कारण जर्मनमध्ये त्या अक्षराचं नाव ‘ए’ आहे. आणि तुझं इंग्रजी ‘ई’ त्याच्या लेखी आय. तुझं नाव असं म्हणायचं: फाउ, आ, ई, डे, ए, हा, ई. हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. आडनावात जे असेल तर ‘यॉट’, झेड असेल तर ‘त्सेट’, वाय असेल तर ‘उप्सिलॉन’.

आकड्यांत मात्र मराठी तुझ्या बाजूने आहे. पंचेचाळीसमध्ये पाच आधी येतो, ‘फ्युन्फउंडफिअर्त्सिश’मध्येही तसाच. घरक्रमांक किंवा फोन नंबर सांगताना मनात इंग्रजी आणू नकोस, नाहीतर ४५ चे ५४ होतात.

आता चोरीचं. विद्यार्थ्यांचा पोलिसांशी संबंध बहुतेक याच कारणाने येतो: सायकल, मोबाइल, पाकीट. आपण सहज म्हणतो, ‘माझं पाकीट गेलं’. जर्मनमध्ये तिथे दोन वेगळे शब्द आहेत. ‘फरलोरन’ म्हणजे हरवलं, ‘गश्टोलन’ म्हणजे चोरलं. ‘फरलोरन’ म्हणालीस तर तुला ‘फुन्डब्युरो’कडे, म्हणजे सापडलेल्या वस्तूंच्या कार्यालयाकडे पाठवतील. चोरीची नोंद होणार नाही आणि चोरीचा विमाही मिळणार नाही. उलट दिशेची चूक जास्त वाईट. इंग्रजीत ‘रॉब्ड’ सैल अर्थाने वापरतात, ॲप त्याचं भाषांतर करताना ‘राउप’च्या घरातला शब्द देतं. ‘राउप’ म्हणजे मारहाण करून किंवा धमकावून लुटणं, चोरीपेक्षा फार गंभीर गुन्हा. नुसती चोरी ‘डीबश्टाल’, कुलूप फोडून घरात शिरणं ‘आइनब्रुख’. ‘राउप’ म्हणालीस आणि तसं काही घडलेलंच नव्हतं असं निघालं, तर प्रश्न तुलाच विचारले जातील. घडलं नाही ते जाणूनबुजून सांगणं हा तिथे गुन्हा आहे. म्हणून वाक्य साधं ठेव: ‘माइन गेल्डबॉइटल वुर्डऽ गश्टोलन.’ स्टुटगार्टकडे पाकिटाला गेल्डबॉइटल म्हणतात.

तक्रार नोंदवणं म्हणजे ‘आनत्साइगऽ एरश्टाटन’. पैसे पडत नाहीत. स्टुटगार्टच्या राज्यात, बाडन-व्युर्टेम्बर्गमध्ये, ती इंटरनेटवरून ‘ऑनलाइनवाखऽ’वरही करता येते. जर्मन नीट येत नसेल तर समजणाऱ्या भाषेत तक्रार मांडायला मदत करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तक्रार दिल्याची लेखी पोचही मागितल्यावर मिळते, आणि तिचं भाषांतरसुद्धा मागता येतं. पोच म्हणजे ‘बशाइनिगुंग’, प्रकरणाचा क्रमांक म्हणजे ‘आक्टनत्साइशन’. हा क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस, पुढचा प्रत्येक पत्रव्यवहार त्यावरच चालतो. सायकल घेशील त्या दिवशीच तिच्या सांगाड्यावरचा नंबर, ‘राहमननुमर’, फोटो काढून ठेव आणि खरेदीची पावती जप. हा नंबर नसेल तर सायकल सापडली तरी ती तुझीच हे दाखवणं अवघड. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो, तोही वहीत लिहून ठेव. फॉर्मवर ‘श्ट्राफआनट्राग’ नावाचा वेगळा चौकोन असतो. काही गुन्ह्यांत, उदाहरणार्थ शिवीगाळ किंवा किरकोळ मारहाण, नुसती तक्रार पुरत नाही. शिक्षा व्हावी अशी वेगळी मागणी ३ महिन्यांत करावी लागते, तिचा हा चौकोन. विचारतील तेव्हा काय विचारताहेत ते तुला ठाऊक हवं.

पाकिटात बँकेचं कार्ड असेल तर ते ११६ ११६ या नंबरवर लगेच बंद करायचं, शब्द ‘श्पेरन’. तेवढ्यावर काम संपत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्याने पिन टाकून होणारे व्यवहार थांबतात, पण जर्मन डेबिट कार्डावर काही दुकानांत नुसत्या सहीने पैसे वळते होतात. ते थांबवायला पोलिसांकडून ‘कूनो’ या यंत्रणेत नोंद करून घ्यावी लागते. ‘बिटऽ आउख आइनऽ कूनो-श्पेरुंग’ एवढं म्हण. त्यासाठी आयबान, म्हणजे बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आणि कार्डाचा अनुक्रमांक, ‘कार्टनफोल्गऽनुमर’, लागतो. अनुक्रमांक दिला नाही तर ती नोंद कायमची राहत नाही. बँकेचे हे दोन्ही आकडे कार्डापासून वेगळ्या जागी लिहून ठेव.

पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांची नोंद, मग भारतीय वकिलात. नवीन पासपोर्टासाठी ती नोंद मागतात. तुझा भाग म्युनिकच्या वकिलातीकडे येतो. वास्तव्य-परवान्याचं कार्ड, ‘आउफएन्टहाल्ट्सटीटल’, गेलं तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही कळवायचं. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला किंवा स्वित्झर्लंडमधल्या बाझलला फिरायला जाशील तेव्हा मूळ पासपोर्ट आणि हे कार्ड दोन्ही बरोबर हवं. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आणि गाडीतच ‘बुन्डसपोलित्साय’चे, म्हणजे केंद्रीय पोलिसांचे, लोक येतात. मोबाइलमधला फोटो तिथे चालत नाही.

तातडीचा फोन: पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११२. आधी जागा सांगायची, मग काय झालं ते. फोन मध्येच तुटला तरी निदान कुठे यायचं हे त्यांना कळलेलं असतं. ‘इश बिन आम हाउप्टबानहोफ, ग्लाइस त्स्वो’, मी मुख्य स्थानकावर आहे, फलाट दोन, असं. दोनला फोनवर ‘त्स्वो’ म्हणतात, कारण ‘त्स्वाय’ आणि ‘ड्राय’ कानाला सारखे लागतात. फोन आपण ठेवायचा नाही, पलीकडचा ठेवेपर्यंत थांबायचं.

चौकशीला बसवलं तर पहिला प्रश्न तू विचारायचास: ‘बिन इश त्सॉइगिन ओडर बशुल्डिग्टऽ?’ मी साक्षीदार की संशयित? उत्तर ‘बशुल्डिग्टऽ’ आलं तर ओळखीपलीकडे काही बोलायचं बंधन नाही. ‘इश मोश्टऽ निष्ट्स झागन. इश मोश्टऽ आइनन आनवाल्ट’, मला काही सांगायचं नाही, वकील हवा. गप्प बसणं हा हक्क आहे आणि गप्प बसलीस म्हणून दोषी धरता येत नाही. खोटं बोलून सुटका करून घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. दुभाषा, ‘डोलमेचर’, संशयिताला मोफत मिळतो. मराठी सर्वांत चांगली कळते, तर मराठी माग. मिळत नसेल तर हिंदी किंवा इंग्रजी. जर्मन थोडं येतं म्हणून ‘चालेल’ म्हणू नकोस. ए-टूचं जर्मन बाजारहाटाला पुरतं, जबाबाला नाही.

सही करायचा कागद, ‘प्रोटोकॉल’, समजल्याशिवाय सही नाही: ‘इश उंटरश्रायबऽ निष्ट, इश फरश्टेअऽ डास निष्ट.’ भाषांतर करून दाखवलं आणि त्यात चूक निघाली, तर दुरुस्त करून घेऊनच सही. अटक झालीच तर दुसरा दिवस संपायच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. शिवाय १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तू मागणी केलीस की वकिलातीला कळवणं त्यांना भाग असतं: ‘बिटऽ इन्फॉर्मिअरन जी डास इंडिशऽ कोन्सुलाट.’

पिवळ्या पाकिटातून पत्र आलं तर त्याच दिवशी उघड. टपालवाल्याने पाकिटावर तारीख लिहिलेली असते आणि दंडाच्या आदेशावर हरकत, ‘आइनश्प्रुख’, घ्यायला त्या दिवसापासून २ आठवडेच मिळतात. पाकीटही फेकू नकोस.

दंडाचे आकडे ध्यानात ठेव: सायकलवर हातात मोबाइल धरला तर ५५ युरो, लाल दिवा ओलांडला तर ६० पासून, दिव्याशिवाय सायकल २०. गाडीत विनातिकीट ६०. तिकीट तपासनीस पोलीस नसतात, पण ओळखपत्र दाखवलं नाही तर ते पोलीस बोलावतात.

साध्या कपड्यातला कोणी पाकीट दाखव म्हणाला तर ‘डार्फ इश ईरन डीन्स्टआउसवाइस झेअन?’ म्हणून त्याचं ओळखपत्र माग, शंका आली तर त्याच्यासमोरच ११० लाव. फोनवर पैसे किंवा दागिने मागणारा पोलीस खोटा. मोबाइलवर ११० नंबरावरून फोन आलेला दिसला तरी खोटाच, खरे पोलीस त्या नंबरावरून फोन करत नाहीत.

पाठ करायची पद्धत. शब्दांची शंभराची यादी करू नकोस, ती गोंधळाच्या वेळी आठवत नाही. वर लिहिलेली वाक्यंच मोठ्याने, उभं राहून म्हण, रोज दहा मिनिटं. रोज जर्मन पोलिसांची दोन छोटी निवेदनं वाच, ‘प्रेसऽपोर्टाल’वर ‘ब्लाउलिश्ट’ या नावाखाली गावोगावची येतात. चार-पाच ओळींचीच असतात आणि शब्द तेच ते फिरून येतात: टाटत्साइट घटनेची वेळ, टेटर गुन्हेगार, हिनवाइझऽ लोकांकडून मिळणारी माहिती. पंधरवड्यात ओळखीचे होतात. बोलायच्या वाक्यांपेक्षा ऐकायच्या वाक्यांवर दुप्पट वेळ दे, कारण आपलं वाक्य आपण सावकाश बोलू शकतो, पोलिसाचं वाक्य मात्र त्याच्या वेगानेच येतं.

रविवारी फोन करशील तेव्हा मी पोलीस होऊन पटापट प्रश्न विचारीन. नावाच्या अक्षरांपासून सुरुवात करू.

तुझी,
आई