अण्णा, तुमच्या ‘नको’साठी

आदरणीय अण्णांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. तिथले सगळे अण्णा म्हणत होते, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणालो. माटुंग्यातल्या तुमच्या त्या जुन्या उडुपी हॉटेलात रोज इतकी माणसं येऊन जातात की आम्ही तुमच्या लक्षात असू असं वाटत नाही. तरी ओळख देते. दिवाळीच्या सुट्टीत, सकाळी साडेआठच्या सुमारास, एका किरकोळ अंगाच्या मुलीला घेऊन आलेली कराडची बाई. साधी इडली सांगायच्या आधी जिने तुम्हाला सात प्रश्न विचारले, आणि मागे टेबलासाठी उभे असलेले लोक जिच्यावर वैतागले, ती मी.

माझ्या लेकीला सिलिॲक आहे. गहू, जव, राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्यावर उलटते. आतल्या अस्तराला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजतात, आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. सातव्या वर्षापर्यंत आम्ही ‘मुलगी खातच नाही’ असं म्हणत होतो. उंची थांबलेली, लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने देऊनही हिमोग्लोबिन वर यायला तयार नाही. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी करायला लावली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा कळलं. याला औषध नाही. जन्मभर गहू बंद, एवढाच उपाय. आणि बंद म्हणजे बंद. पोळीच्या लाटण्याला चिकटलेली कणीकसुद्धा नको.

घरी हे जमतं. आमच्याकडे शाळूची भाकरी रोजचीच, त्यामुळे लेकीला फार काही गमावल्यासारखं वाटत नाही. फक्त गिरणी सोडावी लागली, कारण आपल्याआधी कुणाचे गहू दळले गेलेत ते त्या जात्यालाच माहीत. घरघंटी घेतली, तवा-पोळपाट वेगळे केले, भाजणीतला गहू काढला. प्रवास मात्र आम्ही चार वर्षं टाळला. पण लेकीला राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते, आणि पेंग्विन काही कराडला येणार नव्हते.

महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरलो. लॉज मुद्दाम घेतला. नातेवाइकांकडे उतरलं की पोळ्या लाटलेला ओटा, तेच लाटणं, आणि ‘एका घासानं काय होतंय गं’ हे वाक्य. प्रेमाने म्हणतात, पण माझ्या लेकीला सगळ्यात जास्त त्रास या प्रेमानेच दिलाय. पिशवीत भाकऱ्या होत्या, राजगिऱ्याचे लाडू होते. पहिला दिवस त्यावर गेला. रात्रीपर्यंत भाकऱ्यांच्या कौलांसारख्या खापऱ्या झाल्या, म्हणून एका खाणावळीत गेलो. गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, भाकरीत गहू नाही ना? ‘छे हो ताई, शुद्ध ज्वारी.’ दीड-दोन तासांनी पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या, मग उलट्या. रात्रभर लॉजच्या बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन आत डोकावले. भाकऱ्या करणाऱ्या मावशींनी निरागसपणे सांगितलं, ‘मूठभर कणीक घालतो ना, नाहीतर थापताना चिरते.’ त्यांचं काय चुकलं? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी एका झकपक कॅफेत गेलो. पाटीवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेलं. मी विचारलं, ब्रेड कशाचा? मुलगा अभिमानाने म्हणाला, ‘मैदा अजिबात नाही मॅडम. शंभर टक्के आटा.’ मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. वेष्टनावर ग्लूटेन-फ्री छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. खडूने फळ्यावर लिहिताना तो कुणाला आठवतो? दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी ॲलर्जीच्या पदार्थांची माहिती द्यावी, असंही नियमात आहे. पण आपण जेवतो ते एकाच शाखेच्या हॉटेलात, जिथे मालक, मॅनेजर आणि कधीकधी भटारीही एकच.

त्या रात्री लेकीने दोन केळी खाल्ली आणि म्हणाली, ‘आई, उद्याच परत जाऊया.’ पेंग्विन न बघता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे आलो ते शेवटचं बघू म्हणून. तांदूळ-उडदाचं काहीतरी मिळेल, एवढीच आशा. मी नेहमीची प्रश्नावली सुरू केली आणि नेहमीच्या ‘हो हो, चालेल’ची वाट बघत राहिले. तुम्ही हातातलं बिल त्या खिळ्यावर टोचलंत, गल्ला दुसऱ्याच्या हवाली केलात आणि आत भटारखान्यात गेलात. पाच मिनिटं आलाच नाहीत. मला वाटलं, कंटाळून गेले.

आलात ते हातात हिंगाचा डबा घेऊन. कपाळावरचा चष्मा खाली ओढलात, डबा उजेडात धरून तिरका केलात आणि बारीक अक्षरं बोटाने वाचत गेलात. डिंक... गव्हाचं पीठ... हिंग. डबा टेबलावर ठेवून म्हणालात, ‘ताई, सांबार नको. रसम पण नको.’ आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘तीस वर्षं हा डबा वापरतोय. आज वाचला.’

अण्णा, त्या क्षणी मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं. बांधणी हिंगात गव्हाचं पीठ असतं, हे मला ठाऊक होतं. पण हॉटेलवाल्याने स्वतः आत जाऊन बघून यावं आणि स्वतःच्या दुकानातल्या सांबाराला ‘नको’ म्हणावं, हे चार वर्षांत पहिल्यांदा घडत होतं.

मग तुमचे नको सुरूच झाले. साधा डोसा? नको. पीठ तांदूळ, उडीद आणि मेथीचंच, पण त्याच तव्यावर रवा डोसा होतो, त्यात रवाही असतो आणि मैदाही, आणि मधे नुसतं पाणी मारून खराटा फिरवतात. मेदूवडा? नको, त्याच तेलात दुसरं तळलं जातं. उपमा आणि रवा इडलीचं तर नावच नको. उपासाचा साबुदाणा वडा तरी चालेल, असं मी म्हटलं, तर तुम्ही हसलात, ‘उपास तुमचा आहे ताई, तेलाचा नाही.’ शेवटी म्हणालात, इडली चालेल. इडलीचं भांडं वेगळं, त्यात दुसरं काही शिजत नाही. चटणी फोडणी पडायच्या आधीची काढून देतो. आणि त्या इडल्या तुम्ही ताटलीत दिल्या नाहीत, धुतलेल्या केळीच्या पानाच्या तुकड्यावर दिल्या. लेकीने चार खाल्ल्या. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. माझी कॉफी निवून गेली.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हे सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, ‘आमच्या ह्याला शेंगदाणा चालत नाही, चटणीत असतो का?’ तुम्ही पुन्हा उठलात. चटणीत नारळ आणि डाळं आहे, पण पोडीची, म्हणजे इडलीबरोबरच्या कोरड्या चटणीची, खात्री नाही, पोडी देऊ नका, असं सांगून आलात. त्या बाई आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. असं हसू एकमेकींना कळतं. वेष्टनांवरची बारीक अक्षरं वाचून डोळे गेलेल्या आयांचं ते हसू.

निघताना तुम्ही म्हणालात, ‘उद्या सातला या. तवा तेव्हा कोरा असतो. पहिले दोन डोसे तिचे.’ आम्ही पावणेसातलाच दारात उभे होतो. पहिला डोसा जरा फाटला, पहिला डोसा फाटतोच. दुसरा असा निघाला की कडेला जाळी आणि मधे तांबूस. हॉटेलात बसून डोसा खायची तिची चार वर्षांतली ती पहिलीच वेळ. तिने तो शेवटपर्यंत कडेकडेने खाल्ला, मधला मऊ भाग राखून ठेवत.

आणि मग ती चिठ्ठी. बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर तुम्ही मराठीत आणि हिंदीत लिहिलंत, खाली कानडीतही: ‘ह्या मुलीला गहू, मैदा, रवा, शेवई, जव चालत नाही. डब्यातला हिंग नको. सोया सॉस नको. तवा आणि तेल वेगळं. जमत नसेल तर नाही म्हणा.’ देताना बजावलंत, ‘ही गल्ल्यावर दाखवू नका, आत पाठवा. गल्ल्यावरचा माणूस हो म्हणतो. तवा त्याच्या हातात नसतो.’

अण्णा, चार वर्षं मी चुकीच्या माणसाला विचारत होते.

पुढचे दोन दिवस आम्ही मुंबईत त्या चिठ्ठीवर जेवलो. गिरगावात एका मालवणी खाणावळीत चिठ्ठी आत गेली आणि थोड्या वेळाने हात पुसत एक मावशी बाहेर आल्या. ‘सुरमईला आम्ही रवा लावतो. तुला तांदळाचं पीठ लावून वेगळ्या कढल्यात करून देते, पण वीस मिनिटं लागतील गो.’ सोबत तांदळाची भाकरी, सोलकढी. वडे तिने मागितले, तर मावशी म्हणाल्या, नको, पिठात गहू आहे. मला तर आता नको हा शब्द ऐकला की हायसं वाटतं. दुसऱ्या एका ठिकाणच्या भटाऱ्याने चिठ्ठी वाचून सरळ सांगितलं, ‘आमची जागा लहान, सगळं एकाच तव्यावर, नाही जमायचं.’ मी त्याचेही आभार मानले, तो गोंधळला. चौपाटीवर भेळ आम्ही बाहेरूनच बघितली. पुरी मैद्याची, आणि भेळवाल्याचा हात एकच. कुल्फी मात्र झाली. पेंग्विनही झाले. लेकीचं मत विचाराल तर पेंग्विन ठीक होते, डोसा जास्त चांगला होता.

ती चिठ्ठी मी कराडला आल्यावर प्लास्टिकमध्ये मढवून घेतली. एका कोपऱ्यावर चटणीचा डाग पडलाय, तो तसाच आत राहिलाय. लेकीने शाळेच्या सहलीसाठी तिची नक्कल केली आहे. आता ती स्वतःच आत जाऊन दाखवते. मला दारात थांबायला सांगते.

या पत्राबरोबर एक डबी पाठवते आहे. हिंगच आहे, पण तांदळाच्या पिठात बांधलेला. बाजूची अक्षरं मी तीनदा वाचली आहेत, तुम्हीही वाचून बघा. एखाद्या सकाळी छोट्या पातेल्यात थोडं सांबार या हिंगाचं करून बघाल का? मोठ्या पिंपाचं नको, तिथे तुमचं गणित बिघडेल. आम्ही मे महिन्यात पुन्हा येतो आहोत. सातला, तवा कोरा असताना.

तुमची,
कराडची ताई
(सात प्रश्नवाली)