पासपोर्टचा डबा उशाशी ठेवून झोपणारी मुलगी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, अकरा वर्षं झाली ऑकलंडला राहते. आमच्या शेजारी एक टोंगन बाई आहेत, म्हणजे पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरच्या, साठीच्या जवळपास. मागे एकदा मी व्हिसाचे कागद डायनिंग टेबलावर पसरून बसले होते तेव्हा त्या आल्या, कागदांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या की आमच्या घरी पासपोर्ट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचे आणि तो डबा रात्री माझ्या उशाशी, कारण आईला इंग्रजी येत नव्हतं, पोलिसांशी मलाच बोलायला लागायचं. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. साल १९७६.

व्हिसाची मुदत संपलेल्यांना पकडायला पोलीस पहाटे घरात यायचे, इथे त्याला 'डॉन रेड' म्हणतात, म्हणजे पहाटेची धाड. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना माणसं हवी होती तेव्हा सामोआ, टोंगा, फिजीहून लोक आले, बरेच जण तीन महिन्यांच्या व्हिसावर आले आणि कामाला लागले, व्हिसा संपला तरी कुणी विचारत नव्हतं कारण काम चालू राहायला हवं होतं. मग १९७३ ला तेलाचे भाव भडकले, ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेलं आणि न्यूझीलंडचा माल तिथे पूर्वीसारखा जाईना, नोकऱ्या कमी झाल्या आणि अचानक हेच लोक डोळ्यात खुपायला लागले. १९७४ मध्ये लेबर सरकारच्या काळात धाडी सुरू झाल्या, मधे थांबल्या, १९७५ ला नॅशनल पक्षाचे मल्डून निवडून येऊन पंतप्रधान झाले आणि पुढच्या वर्षी परत जोरात. रस्त्यात सुद्धा सावळा माणूस दिसला की पासपोर्ट दाखव. माओरी लोकांना पण अडवलं, जे इथलेच आहेत!

बाई सांगत होत्या, आधी कुत्र्याचं भुंकणं, मग दारावर धडाधडा, मग तोंडावर टॉर्च. त्यांच्या काकांना शर्ट पण घालू दिला नाही, कमरेला लुंगीसारखं कापड होतं तसंच गाडीत बसवलं. आणि ही पोरगी त्याच दिवशी शाळेत गेली, कुणाला काही बोलली नाही.

आता कुणी म्हणेल मुदत संपली तर जायलाच पाहिजे, कायदा तो कायदा. मी पण तसंच म्हणायचे. पण १९८५-८६ चे आकडे बघा, मुदत संपलेल्यांत पॅसिफिक बेटांवरचे लोक साधारण एक तृतीयांश आणि खटल्यांत मात्र ८६ टक्के. अमेरिका आणि ब्रिटनचे लोक पण जवळपास तेवढेच होते, त्यांच्यावर खटले ५ टक्के. त्यांच्या दारावर पहाटे कोण गेलं?

पॉलिनेशियन पँथर्स नावाची तरुण पोरं होती, पॉन्सन्बी भागातली, त्यांनी मंत्र्यांच्याच घरासमोर पहाटे जाऊन लाइट मारले, भोंग्यावरून पासपोर्ट मागितले. मला हे फार आवडलं. शेवटी १ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंड टाउन हॉलमध्ये जाहीर माफी मागितली, सामोअन पद्धतीप्रमाणे अंगावर विणलेली चटई घेऊन खाली बसल्या. बाईंनी टीव्हीवर बघितलं. काका तोपर्यंत गेले होते.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा 'या आयलंडर लोकांना हाकललं पाहिजे' असा मेसेज आला, आणि खाली वीसेक अंगठे. त्यातले निम्मे अजून वर्क व्हिसावर आहेत. मी लिहिलं की माझ्या घरी या, शेजारच्या बाईंना भेटवते. अजून कुणी आलेलं नाही.

आपल्या पेपरमध्ये परदेशातल्या मराठी लोकांविषयी छापून येतं, गणपतीची मिरवणूक, ढोलपथक, कुणी घर घेतलं, मी आवडीने वाचते. पण आपण जिथे राहायला आलोय तिथे आपल्या आधी आलेल्यांचं काय झालं हे पण कधीतरी छापा ही विनंती, कारण साताऱ्याला बसलेले माझे आईबाबा तेच वाचतात आणि ज्या मुलांना भारतातून इकडे यायची घाई झालीय त्यांचे आईबाबा पण तेच वाचतात.

आपली,
एक वाचक, ऑकलंड